‘निकटचा’ भविष्यकाळ खरंच निकटचा असतो का?

पुण्यात अकरावी-बारावीला फ्रेंच घेणाऱ्यांच्या नोट्समधून एक नियम वर्षानुवर्षं फिरतोय: लवकरच घडणार असेल तर ‘फ्युत्यूर प्रोश’ (निकटचा भविष्यकाळ), लांबचं असेल तर साधा भविष्यकाळ.

हा गैरसमज आहे; तो होणं साहजिकच, कारण ‘प्रोश’चा अर्थच ‘जवळचा’. पण ही जवळीक घड्याळातली नाही, बोलणाऱ्याच्या मनातली आहे. ठरलेलं, चिन्हं दिसत असलेलं, आत्ताशी धागा जुळलेलं असं काही सांगताना हे रूप येतं. ‘एल व्हा आव्वार अं बेबे’ (तिला बाळ होणार आहे) म्हटलं की ती गरोदर आहे हे कळतं. साध्या भविष्यकाळातलं ‘एल ओरा अं बेबे’ म्हणजे तिला बाळ होईल कधीतरी. उलट, सूर्य ५०० कोटी वर्षांनी विझणार आहे, हेही फ्रेंच माणूस हेच ‘व्हा’चं रूप लावून खुशाल सांगतो!

पडताळा मराठीतच घ्या. ‘दहा वर्षांनी कोकणात घर बांधणार आहे’ आणि ‘पाच मिनिटांत येईन’. लांबच्याला ‘णार आहे’, जवळच्याला ‘ईन’, आणि कान कुठेच अडखळत नाही. (पुणेकराची पाच मिनिटं किती, हा वेगळा विषय.) जुळणी तंतोतंत नाही, पण अंदाज येतो.

रूप तर सोपंच. चालवायचं फक्त ‘आले’, म्हणजे ‘जाणे’: ज व्हे, त्यू व्हा, इल व्हा, नूझालों, वूझाले, इल व्हों. पुढचं क्रियापद मूळ रूपातच: ‘ज व्हे मांजे’, मी जेवणार आहे. नकाराचे ‘न’ आणि ‘पा’ मात्र ‘व्हे’च्या दोन बाजूंना: ‘ज न व्हे पा मांजे’. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच.