वजन घटवण्याचा बाजार: खरं किती सांगितलं, किती दडवलं

२५ मे १९३१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वजन घटवणाऱ्या एका गोळीबद्दल निकाल दिला. गोळीचं नाव मार्मोला, बनवणारी कंपनी डेट्रॉइटची रॅलाडॅम. गोळीतला मुख्य घटक होता जनावरांच्या थायरॉइड ग्रंथी वाळवून केलेली पूड. जाहिराती सांगत होत्या की गोळी शास्त्रीय आहे, निर्धोक आहे आणि ती घेताना खाणंपिणं बदलायची गरज नाही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ही गोळी सरसकट घेणं सुरक्षित नाही, हा निष्कर्ष पुराव्याला धरून आहे, असं न्यायालयाने मान्य केलं. तरीही खटला कंपनीने जिंकला. खटल्यातली दुसरी बाजू असलेल्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेचा अधिकार तेव्हा व्यापाऱ्यांमधल्या गैरस्पर्धेपुरता मर्यादित होता, आणि मार्मोलाच्या जाहिरातींमुळे कुठल्या प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याचं नुकसान झालं हे कमिशनला दाखवता आलं नव्हतं. गोळी गिळणाऱ्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीत बसतच नव्हता.

या धंद्यातली फसवणूक कशी चालत आली हे समजून घ्यायचं तर मला हा खटला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. थायरॉइडच्या अर्काने चयापचयाचा वेग वाढतो, वजन उतरू शकतं. म्हणजे जाहिरातीतला मुख्य दावा अगदीच हवेतला नव्हता. दडवली होती ती त्याची किंमत: धडधडणारं हृदय, झीजलेले स्नायू, उडालेली झोप. पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांत हाच प्रकार वेगवेगळ्या रूपांत परत परत दिसतो. धडधडीत खोटं बोलणारे होतेच, पण मोठं नुकसान केलं ते अर्धं खरं सांगून उरलेलं गिळून टाकणाऱ्यांनी.

सुरुवात मात्र एका प्रामाणिक माणसापासून करायला हवी. विल्यम बँटिंग हा लंडनमधला अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. वयाच्या साठीनंतर त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती, ऐकू कमी येत होतं. विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरांनी त्याला पाव, साखर, बटाटे, बिअर बंद करायला सांगितलं. वजन सुमारे २१ किलो उतरलं. १८६३ मध्ये त्याने आपला अनुभव एका छोट्या पुस्तिकेत लिहून काढला आणि सुरुवातीच्या प्रती फुकट वाटल्या. त्यात त्याने आधी फसलेले उपायही नोंदवले: होडी वल्हवणं, घोडेस्वारी, समुद्रस्नान, बाष्पस्नान. व्यायामाने भूक वाढली आणि वजनही वाढलं, हेसुद्धा लिहिलं. त्याचं पथ्य सगळ्यांना लागू पडेल का, हा वेगळा वाद. पण काय केलं, किती दिवस केलं, काय फसलं हे सगळं सांगण्याची त्याची रीत पुढे आलेल्या विक्रेत्यांनी उचलली नाही. त्यांनी उचलली ती फक्त लोकांची गरज. पंधरा वर्षांच्या आत बाजारात ‘अँटी-फॅट’ नावाच्या बाटल्या आल्या, त्यांच्या जाहिरातींत जाड आणि सडपातळ देहाची चित्रं शेजारी शेजारी आली. आजच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’ फोटोंची ही पणजी.

१९०६ मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थ आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला, पण त्यात मोठी फट राहिली. त्या कायद्याने औषध म्हणजे रोगावरचा उपाय, असं धरलं होतं. लठ्ठपणाला तेव्हा रोग मानत नसत. त्यामुळे वजन घटवण्याची वस्तू औषधाच्या व्याख्येतून निसटली. या फटीतून डायनायट्रोफेनॉल आत आलं, आणि हे प्रकरण अंगावर काटा आणणारं आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हे रसायन स्फोटकांसाठी वापरलं जायचं. तिथल्या कामगारांना घामाच्या धारा लागायच्या, ताप चढायचा, वजन उतरायचं, काही जण दगावले. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याच रसायनाचा वजन घटवण्यासाठी वापर केल्याचं प्रसिद्ध केलं. पेशी अन्नातून जी ऊर्जा साठवते ती साठवू न देता उष्णतेच्या रूपात वाया घालवायची, असं त्याचं काम. उष्णता हाताबाहेर गेली तर शरीर आतून तापत जातं आणि त्यावर उतारा नाही. संशोधकांनी सावधगिरीचे इशारे दिले होते, पण विक्रेते थांबणार होते थोडेच. चिठ्ठीशिवाय ते सर्रास विकलं गेलं. साधारण वर्षभरात एकट्या अमेरिकेत एक लाख लोकांनी ते घेतलं असावं असा त्या संशोधकांचाच अंदाज होता. मग तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसायला लागले. सरकारी अधिकारी इशारे देत राहिले, पण ते बाजारातून उचलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता.

तो मिळाला १९३८ मध्ये. त्या वर्षी दोन कायदे आले. एकाने औषधाच्या व्याख्येत शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करणाऱ्या वस्तू आणल्या, दुसऱ्याने ग्राहकाची दिशाभूल हाच गुन्हा धरण्याची मुभा फेडरल ट्रेड कमिशनला दिली. दुसऱ्या कायद्यामागे रॅलाडॅमचा निकाल थेट उभा होता. १९४२ मध्ये कमिशनने त्याच कंपनीविरुद्धचा दुसरा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणावं लागतं, कारण डोळे गेलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. डायनायट्रोफेनॉल तर आजही इंटरनेटवरून विकलं जातं आणि माणसं मरतात.

कायदे कडक झाल्यावर धंदा दवाखान्यात शिरला. १९४० ते १९६० च्या दशकांत ‘रेनबो पिल्स’ म्हणजे इंद्रधनुषी गोळ्यांची लाट होती. एका पुडीत भूक मारायला अँफेटामिन, जोडीला थायरॉइड, लघवी वाढवणारं औषध, जुलाबाचं औषध, हृदयाचं डिजिटॅलिस आणि या सगळ्याने उडालेली झोप आणायला बार्बिट्युरेट. रंग वेगवेगळे ठेवण्यामागे हिशोब होता: रुग्णाला वाटावं की ही पुडी खास आपल्यासाठी बांधली आहे. १९६८ मध्ये ‘लाइफ’ मासिकाची वार्ताहर सुझाना मॅकबी अशा दहा डॉक्टरांकडे रुग्ण म्हणून गेली. तिचं वजन जास्त नव्हतंच. तरी परतली तेव्हा तिच्याकडे १,४७९ गोळ्या जमल्या होत्या. त्याच वर्षी सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि त्या पुड्यांचा जोर ओसरला. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतो तो विश्वासघात. जाहिरातीवर शंका घेणारा माणूसही पांढऱ्या कोटावर शंका घेत नाही.

गोळ्यांच्या बरोबरीने डाएटचे कार्यक्रम वाढले. त्यांत विष नव्हतं, आणि कित्येकांना त्यातून आधारही मिळाला. इथली दडवादडवी काळाची होती. पहिल्या तीन-चार महिन्यांत वजन उतरतं, ते दाखवायचं; दोन-तीन वर्षांनी काय होतं ते मोजायचंच नाही. १९५९ मध्ये अल्बर्ट स्टंकर्ड आणि मॅव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कमधल्या एका दवाखान्यातले १०० रुग्ण तपासले. बारा जणांचं वजन नऊ किलोंहून जास्त उतरलं होतं. दोन वर्षांनी ते टिकवणारे उरले दोन. (याच अभ्यासावर बेतलेला ‘९५ टक्के डाएट फसतात’ हा आकडा नंतर सगळीकडे फिरला. तोही जपून वापरायला हवा, कारण ते एकाच दवाखान्यातले, हातात पथ्याचा कागद देऊन परत पाठवलेले रुग्ण होते.)

उतरलेलं वजन परत का चढतं, याचं उत्तर पुढे प्रयोगशाळेत मिळत गेलं. १९९५ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वजन दहा टक्के उतरलं की शरीर अपेक्षेपेक्षाही कमी ऊर्जा खर्च करायला लागतं. २०१६ मध्ये केव्हिन हॉल यांनी वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतरची मोजमापं प्रसिद्ध केली. १३ जणांचं वजन पुन्हा वाढलं होतं, आणि स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं.

हे ग्राहकाला कुणी सांगितलं नाही. वजन परत चढलं की खापर त्याच्याच इच्छाशक्तीवर फुटायचं, तो स्वतःला दोष द्यायचा आणि पुन्हा पैसे भरून त्याच दारात यायचा. फसलेलं गिऱ्हाईक तक्रार न करता परत येतं, असे धंदे जगात फार थोडे. १९९३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अमेरिकेतल्या पाच मोठ्या डाएट कंपन्यांवर कारवाई सुरू केली, तेव्हा मुद्दा नेमका हाच होता: यशाचे आणि वजन टिकण्याचे दावे करायला तुमच्याकडे आकडे कुठे आहेत? २००२ मध्ये कमिशनने ३०० जाहिराती तपासल्या. जवळजवळ ४० टक्के जाहिरातींत किमान एक दावा जवळपास निश्चितपणे खोटा निघाला. दोनतृतीयांश जाहिरातींत ग्राहकांचे अनुभव होते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सर्वांना असा परिणाम मिळेलच असं नाही’ लिहिलं की काम भागायचं. २००९ मध्ये नियम बदलले: असा अनुभव छापायचा तर सर्वसाधारण ग्राहकाला काय मिळतं तेही सांगा.

औषध कंपन्यांचा अध्याय याहून काळा आहे. फेनफ्लुरामिन हे भूक मारणारं औषध १९९७ च्या सप्टेंबरमध्ये बाजारातून काढलं गेलं, कारण त्याच उन्हाळ्यात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं कळवलं होतं. फ्रान्समधल्या सर्व्हिए कंपनीचं मेदियातोर हे औषध शरीरात गेल्यावर त्याच जातीचा घटक तयार करतं. पण त्याची नोंद मधुमेहाशी जोडलेलं औषध म्हणून होती, आणि वजन घटवण्यासाठी ते सर्रास लिहून दिलं जात होतं. फेनफ्लुरामिन गेल्यानंतर आणखी बारा वर्षं, २००९ पर्यंत, ते विकलं गेलं. १९७६ पासून सुमारे ५० लाख लोकांनी ते घेतलं. ब्रेस्टमधल्या फुफ्फुसतज्ज्ञ इरेन फ्राशाँ यांनी रुग्णांच्या नोंदी एकेक करून जुळवल्या, कंपनीच्या दबावाला न जुमानता प्रकरण लावून धरलं. मार्च २०२१ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने सर्व्हिएला गंभीर फसवणूक आणि निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणं या गुन्ह्यांत दोषी ठरवलं; २०२३ मध्ये अपिलातही दोष कायम राहिला. एका डॉक्टरीणबाईंच्या चिकाटीवर इतकी माणसं अवलंबून राहावीत, याचा मला संताप येतो.

सप्लिमेंटची, म्हणजे आहाराला पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या-पावडरींची, गोष्ट थोडक्यात. १९९४ च्या अमेरिकन कायद्याने ती विकण्याआधी सुरक्षितता सिद्ध करण्याची अट ठेवली नाही. २०१० मध्ये सिब्युट्रामिन हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून गेलं आणि ‘वनस्पतिजन्य’ गोळ्यांत गुपचूप मिसळलेलं सापडत राहिलं. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाला वजन घटवण्याच्या ज्या ३१७ सप्लिमेंटमध्ये भेसळ सापडली, त्यांतल्या २६९ मध्ये सिब्युट्रामिन होतं.

हिरव्या कॉफीचं प्रकरण मात्र जवळून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात खुद्द विज्ञानच बनवलेलं होतं. २०१२ मध्ये एक शोधनिबंध आला: भारतात केलेला प्रयोग, माणसं १६, कालावधी २२ आठवडे, हिरव्या कॉफीच्या अर्काने वजन सरासरी आठ किलो उतरलं. टीव्हीवर त्याचा गाजावाजा झाला, गोळ्यांचा खप उसळला. फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार, प्रयोग करणाऱ्याने माणसांची वजनं वारंवार बदलली होती, कोणाला औषध दिलं आणि कोणाला नुसती गोळी याचाही घोळ होता. आहार आणि व्यायामात बदल नव्हता असं जाहिरात सांगत होती, प्रत्यक्षात भाग घेणाऱ्यांना कमी खा, जास्त चाला असं सांगितलं होतं. मूळ लेख कुठल्या नियतकालिकाने घेतला नाही म्हणून तो नव्याने लिहायला अमेरिकेतल्या संशोधकांना पैसे दिले गेले. त्यांनी मूळ नोंदी पडताळल्याच नाहीत. २०१४ मध्ये प्रायोजक कंपनीने ३५ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि निबंध मागे घेतला गेला.

आता भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आली आहेत, आणि त्यांच्याबद्दल न्यायाने बोलायला हवं. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषधाविना गटात २.४ टक्के. ही आकडेवारी खोट्या बाटल्यांच्या पंक्तीत बसवता येणार नाही. त्याच चाचणीतल्या काही जणांचा औषध थांबवल्यावर वर्षभर मागोवा घेतला गेला, तेव्हा उतरलेल्यातलं सुमारे दोनतृतीयांश वजन परत चढलेलं दिसलं. हे निष्कर्ष २०२२ मध्ये छापले गेले आहेत, कुणीही वाचावेत. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत हे रक्तदाबाच्या गोळीसारखं दीर्घकाळ चालवायचं औषध ठरतं. तीन महिन्यांचं पॅकेज विकणाऱ्याने पैसे घेण्याआधी हे सांगायला हवं, आणि गिऱ्हाइकाने ते विचारायला हवं. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा द्यावा लागला. लेबलावर नाव तेच, आत काय आहे याचा भरवसा नाही.