डीपीवरची थ्री फेज आणि घरी बनवलेली थ्री फेज

हिंगणा एमआयडीसीतून नाहीतर एखाद्या बंद पडलेल्या जिनिंगच्या वर्कशॉपमधून जुनी मिलिंग मशीन भंगारच्या भावात उचलायची, गावी आणून डिझेलनं धुवायची, ग्रे रंग मारायचा, घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा, सिंगल फेजची थ्री फेज करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बसवायचा आणि मग फोन करायचा, "भाऊ, थ्री फेज तं झाली ना, मंग मशीन कटच काऊन नाही घेत?" या प्रश्नाचं तेच ते उत्तर देऊन कंटाळलो म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. थ्री फेज झाली, बरोबर आहे. ४१५ व्होल्ट झालं नाही.

डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची, थ्री फेज तुम्हाला मी काय सांगू. तीन फेज, एक न्यूट्रल, फेज ते फेज ४१५, फेज ते न्यूट्रल २४०, ५० हर्ट्झ. नव्या कागदांवर ४०० आणि २३० लिहिलेलं असतं, गोष्ट तीच. विहिरीवरची मोटर चालू करायला ज्यानं थंडीत मध्यरात्री उठून स्टार्टर दाबलाय त्याला ही थ्री फेज पाठ असते, म्हणून पुढं जातो.

व्हीएफडीची थ्री फेज वेगळी. तो घरचे २३० आत घेतो, त्याचं डीसी करतो (साधारण ३२५ व्होल्ट होतं) आणि त्या डीसीचे बारीक तुकडे पाडून तीन फेजसारखं बाहेर सोडतो. फेज खरंच तीन येतात, फ्रिक्वेन्सीही मागाल ती मिळते, पण साधा सिंगल फेज व्हीएफडी व्होल्टेज वाढवत नाही, आत २३० गेलं की बाहेर फेज ते फेज फार तर २३०च. ४१५ ची मोटर याला तशीच जोडली तर ती फिरते, हाच सगळा घोळ आहे, ती न फिरती तर लोकांना लगेच कळलं असतं. रिकामी मस्त फिरते, आवाजही गोड येतो, व्हिडिओ काढून मित्रांना पाठवून होतो, आणि माइल्ड स्टीलवर जरा कट दिला की घुर्रर्र करून बसते नाहीतर व्हीएफडी ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. ५० हर्ट्झवर मोटरचा जास्तीत जास्त दम व्होल्टेजच्या वर्गानं घटतो, २३० भागिले ४१५ करा, त्याचा वर्ग करा, ३१ टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे २ एचपीच्या मोटरीचा जास्तीत जास्त जोर एक तृतीयांशही हातात राहिला नाही, आणि दोष जातो कटरला, बेल्टला, नाहीतर ज्यानं मशीन विकली त्याला.

हा गोंधळ येतो कुठून तर दोन ठिकाणांहून. एक म्हणजे अमेरिकन व्हिडिओ. तिकडं घरातच २४० ची लाइन असते आणि तिथल्या मिलिंगच्या मोटरी बहुतेक २३०/४६० अशा दोन्ही व्होल्टेजवर चालतील अशा गुंडाळलेल्या असतात, त्यामुळं तो माणूस नऊ वायरी काढतो, त्या २३० ला जोडतो, व्हीएफडी लावतो आणि काम झालं. त्याच्यासाठी २३० ची थ्री फेज ही खरीखुरी थ्री फेज आहे, त्याच्या मोटरीच्या पाटीवरच तसं लिहिलंय. आपल्या बटाला मेड (पंजाबातल्या बटाल्यात बनलेल्या) मिलिंगच्या मोटरीवर ४१५ लिहिलंय. तो सांगतो ते खोटं नाही, पण ते आपल्या गावचं नाही.

दुसरं ठिकाण आपलं शेत. डीपीवर एका फेजचा फ्यूज उडाला की लोक कपॅसिटर लावून टू फेजवर पंप ओढतात आणि पंप चालतो, मग डोक्यात बसतं की कपॅसिटर लावला की झाली थ्री फेज. अहो, पण तिथं उरलेल्या दोन फेजमध्ये अजून ४१५ आहे! कपॅसिटर फक्त तिसऱ्या फेजचं सोंग आणतो, व्होल्टेज डीपीच देते. घरी फेज आणि न्यूट्रल आहे, २३०, त्याच्यावर तोच कपॅसिटर लावून तोच जोर कुठून येणार. फिरता फेज कन्व्हर्टर, म्हणजे एक मोठी रिकामी मोटर फिरवून तिसरी फेज काढतात तो, त्याचंही असंच, मध्ये व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर नसेल तर तोही २३० चीच थ्री फेज देतो.

आता उपाय, आणि तो व्हीएफडीत नाही, मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये आहे. रंगाचा ब्रश बाजूला ठेवा, बॉक्सचे स्क्रू काढा आणि आत बघा. वायरी जोडायचे सहा खिळे (बोल्ट) दिसतात, तीन वर, तीन खाली, नव्या मोटरीवर यू१ व्ही१ डब्ल्यू१ असं, जुन्यावर ए१ बी१ सी१ आणि ए२ बी२ सी२ असं. पितळी पट्ट्या कशा लावल्यात ते बघायचं. एका ओळीतले तिन्ही खिळे आडव्या पट्टीनं जोडलेले असतील तर स्टार. वरचा-खालचा अशा तीन उभ्या पट्ट्या असतील तर डेल्टा.

स्टारमध्ये ४१५ ची लाइन असली तरी एकेका वाइंडिंगच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३२ म्हणजे २४०च येतं. म्हणजे ते वाइंडिंग मुळात २४० चंच आहे, पाटीवरचा आकडा लाइनचा आहे. मग पट्ट्या काढून उभ्या लावा, डेल्टा करा, आता प्रत्येक वाइंडिंग थेट फेज ते फेज बसलं, व्हीएफडीचे २३० त्याला पूर्ण मिळाले, दम जवळपास जसाच्या तसा परत. पैसे शून्य, पाना आणि पंधरा मिनिटं. फक्त करंट १.७३२ पट होतो, २ एचपीची मोटर ४१५ ला साडेतीन अँपिअरच्या आसपास घेते ती आता ६ घेईल, तेव्हा व्हीएफडीत मोटरचं व्होल्टेज २३० आणि करंट ६ भरा. पाटीवरचा साडेतीन तसाच भरून "ट्रिप मारते" म्हणणारे बरेच भेटतात.

आपल्याकडे साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटरी ४१५ ला स्टारमध्ये असतात, म्हणजे घरगुती मिलिंगवाल्यांचं नशीब चांगलं. काही जुन्या मोटरींतून मात्र तीनच वायरी बाहेर येतात, स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्येच बांधलेली असते. ती वाइंडिंगवाल्याकडून सोडवून सहा टोकं बाहेर काढून घ्या, नवं वाइंडिंग करायची गरज नाही, तो करायला सांगेलच, ऐकू नका. तिथंच मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, पावसाळ्यात शेडमध्ये पडून राहिलेली मोटर ओली असते आणि रीडिंग १ मेगोहमच्या खाली असेल तर आधी वाळवा.

३ एचपी आणि वरची मोटर बहुधा आधीच ४१५ ला डेल्टात असते, तिथं पट्ट्या फिरवून काही मिळत नाही. उलट चुकून स्टार केली तर आणखी मरते. मग एकतर मोटर बदला, नाहीतर व्हीएफडीत २३० व्होल्ट आणि बेस फ्रिक्वेन्सी (जिथं पूर्ण व्होल्टेज मिळतं ती) २८ हर्ट्झ भरा. २८ पर्यंत मोटर पूर्ण ओढते, त्याच्यावर फ्रिक्वेन्सी वाढवाल तशी सतत ओढायची ताकद कमी कमी होते, ५० ला निम्म्याच्या आसपास. ३ एचपीतून दीड-पावणेदोन एचपी काम निघतं आणि घरच्या मिलिंगला तेवढं पुष्कळ झालं. '२२० इन ३८० आउट' असे व्हीएफडीही मिळतात, पण मोटर बदलून भागत असेल तर मी त्यांच्या नादी लागत नाही.

बाकीचे फरक किरकोळ, पटापट. डीपीच्या लाइनवर मशीनचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मोटरच्या वायरीत चालतो, व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये तो ठेवायचा नाही, व्हीएफडी चालू असताना फिरवलात तर व्हीएफडी जळेल, त्याच्या वायरी व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला न्या, दांडी तीच राहते. टेबलच्या फीडला आणि कूलंटला वेगळ्या मोटरी असतील तर एका व्हीएफडीवर सगळ्या लटकवू नका, कूलंटला छोटा सिंगल फेज पंप लावून मोकळे व्हा. स्पीड कमी करायला १० हर्ट्झवर तासभर चालवू नका, मोटरचा पंखाही तेवढाच हळू फिरतो, बेल्ट खालच्या पुलीवर टाका, ती पायरी त्यासाठीच दिलीय. अर्थिंग नीट, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत जा. लाइन बंद करून लगेच व्हीएफडी उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो, दहा मिनिटं थांबा.

आणि शेतीच्या मीटरवरून ४१५ ओढून मिलिंग चालवायचा सल्ला देणारे हुशार असतात त्यांच्यासाठी : शेतीचं कनेक्शन वर्कशॉपला वापरणं हे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये येतं, आणि तसंही शेतीच्या फीडरला थ्री फेज ठराविक तासच, कट अर्ध्यात असताना लाइन गेली की कटर आणि जॉब दोन्ही गेले. रोजचं कामच असेल तर रीतसर थ्री फेज मीटर घ्या, त्याच्यापुढं कुठलाच व्हीएफडी नाही, मीच सांगतो.

व्हीएफडी कुठं लावायचा हे मात्र आपल्या भागात किरकोळ नाही. त्याचं रेटिंग बहुतेक वेळा ४० डिग्रीच्या हवेसाठी असतं आणि मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडं सावलीतच ४५ होतं, टिनाच्या शेडमध्ये किती होत असेल ते तुम्हीच बघा. टिनाला टेकवून लावू नका, विटांच्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर, वर-खाली हात मावेल एवढी जागा सोडून लावा आणि एक साइज मोठा घ्या. मिलिंगच्या चिप्स उडतात त्या बाजूला तर नकोच. जिनिंग जवळ असेल तर हंगामात दर आठवड्याला लाइन बंद करून पंख्याची जाळी ब्रशनं झाडा, कापसाची रुई तिथं नमद्यासारखी बसते आणि मग दुपारी तीनला ओव्हरहीट ट्रिप येतो तेव्हा लोक परत मोटरच उघडून बसतात.