अंधारातील स्थलांतर कानांनी मोजताना

५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी शिकागोतील मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन-केंद्राच्या एकाच काचेरी इमारतीभोवती, रात्रीच्या उड्डाणात काचांवर आपटून मेलेले हजाराच्या आसपास पक्षी सापडले. बातमी जगभर गेली आणि इतके पक्षी रात्री उडत कशाला होते, असा प्रश्न अनेकांनी विचारला. वास्तविक उत्तर अमेरिकेतील बहुतेक लहान स्थलांतरित पक्षी रात्रीच प्रवास करतात. रात्रीची हवा थंड आणि तुलनेने स्थिर असते, आणि पोट भरण्यासाठी दिवस मोकळा राहतो. हे पक्षी अंधारात दिसत नसले तरी ऐकू येतात, कारण त्यांतील अनेक जाती उडताना अगदी त्रोटक हाका देत राहतात.

या हाका मोजण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकन इतिहासकार ऑरिन लिबी यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसनजवळच्या एका टेकडीवरून एका रात्रीत सुमारे ३,८०० हाका मोजल्या होत्या. परंतु हाक ऐकू येणे वेगळे आणि ती कोणाची हे ठरवणे वेगळे. या विषयाची खरी गोडी मला त्या दुसऱ्या भागात वाटते.

वॉर्बलर या चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातील पक्ष्याची हाक साधारणपणे ५० ते १०० मिलिसेकंदांत संपते आणि तिची वारंवारता बहुधा ६,००० ते ९,००० हर्ट्झ असते. ध्वनिमुद्रकाने हवेच्या दाबातील बदल सेकंदाला २२,०५० वेळा टिपला, तर त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे ११,०२५ हर्ट्झपर्यंतचे स्वर हाती लागतात. मग संगणक या टिपलेल्या आकड्यांचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याचे फूरिए रूपांतर करतो, म्हणजे त्यातील वेगवेगळ्या वारंवारता गणिताने सुट्या करतो, आणि कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेत किती ऊर्जा होती याचे चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, काढतो. तुकडा केवढा घ्यावा, हा इथला कळीचा प्रश्न आहे. २५६ आकड्यांचा तुकडा सुमारे ११.६ मिलिसेकंदांचा होतो, पण त्यातून वारंवारता ८६ हर्ट्झच्या टप्प्यांनीच कळते. १,०२४ आकडे घेतले तर हा टप्पा २१.५ हर्ट्झइतका बारीक होतो, मात्र तुकडा ४६ मिलिसेकंदांचा झाल्याने जवळजवळ अख्खी हाक त्याच्या पोटात जाते आणि ज्या जलद चढउतारांवरून जात ओळखायची तेच पुसले जातात. तानपुऱ्याचा स्वर नेमका पारखायला तो काही काळ ऐकावा लागतो, तर तबल्यावरचा कोरडा ‘ति’ वेळ अचूक सांगतो पण स्वर सांगत नाही, तसेच हे आहे. तुकडे एकमेकांवर सरकवून घेतले तर चित्र गुळगुळीत दिसते, पण मूळ मर्यादा हटत नाही, कारण ती यंत्राची नसून गणिताची आहे. शिवाय अनेक वॉर्बलरांच्या ‘झीप’सारख्या हाका एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की जाणकारही त्या एका गटाच्या नावाने नोंदवतात.

दुसरी अडचण हवेची आहे. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो, हे सर्वच स्वरांना लागू आहे; पण ८,००० हर्ट्झचा स्वर हवेत शोषला जाऊन दर १०० मीटरला आणखी साधारण ८ ते १० डेसिबल गमावतो, तर २,००० हर्ट्झच्या स्वराचे हे नुकसान जेमतेम १ डेसिबल असते. त्यामुळे एका मायक्रोफोनला वॉर्बलर ऐकू येतो तो काहीशे मीटरांच्या आतलाच. रडार शेकडो चौरस किलोमीटरांवरील थवे पाहते, पण त्यात कोणती जात आहे हे सांगू शकत नाही. जात हवी असेल तर अनेक गच्च्यांवर, अनेक अंगणांत मायक्रोफोन लागतात आणि तेवढी माणसेही लागतात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे घरी अडकलेल्या ब्रिटिश पक्षीनिरीक्षकांनी रात्री कान लावले, तेव्हा कॉमन स्कॉटर ही समुद्री बदके इंग्लंडच्या भूमीवरून पलीकडच्या समुद्राकडे जात असल्याच्या नोंदी ठिकठिकाणांहून जमल्या.

आवाजावरून पक्षी ओळखणारी बर्डनेटसारखी संगणकीय प्रणाली नोंदींची चाळणी करते, हे उपकारकच आहे. परंतु ‘आता एआय सगळे पक्षी ओळखते’ हा गाजावाजा खरा मानू नये. प्रणाली नावासोबत केवळ विश्वासाचा एक अंक देते आणि बेडूक, कीटक किंवा मोटारीचा ब्रेक यांनाही ती कधी पक्षी ठरवते. शिवाय फ्लायकॅचर आणि व्हिरिओ यांसारखे जे पक्षी रात्री सहसा हाक देत नाहीत, ते या मोजणीतून निसटतातच.

सुमारे चाळीस वर्षांत गोळा झालेल्या, प्रामुख्याने शिकागोतील, इमारतींवर पक्षी आपटल्याच्या जवळजवळ ७०,००० नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री हाका देणाऱ्या जाती इमारतींवर अधिक आपटतात, असे त्यात दिसले. उजेडाने गोंधळलेला पक्षी हाक देतो आणि ती ऐकून इतरही तिकडे ओढले जातात, असा संशोधकांचा कयास आहे. आसामातील जटिंगाच्या ‘पक्ष्यांच्या सामूहिक आत्महत्ये’च्या बातम्या आपल्याकडे अजून चवीने छापल्या जातात, तिथले पक्षी बहुतांशी स्थानिक असले तरी धुके, अंधार आणि दिवे हेच त्यांनाही खाली ओढतात, आणि त्यात ना भूत आहे ना आत्महत्येचा हेतू.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांवर सात वर्षे रडार आणि मायक्रोफोन लावून अभ्यास झाला. झोत पेटलेले असताना पक्ष्यांची गर्दी आणि हाका वाढत, आणि ते विझवताच काही मिनिटांत दोन्ही ओसरत. आता झोतांत हजाराहून अधिक पक्षी अडकलेले दिसले, की दिवे सुमारे २० मिनिटे बंद ठेवले जातात.