सोनार, झेनॉन आणि हवेला भिडणारी काच

रात्री ट्यूबलाइटखाली एखादी जुनी लेन्स धरा आणि हळूच तिरकी करा. आत नळीची इवली इवली प्रतिबिंबं तरंगताना दिसतील. ती पांढरीफटक असली तर काचेवर प्रकाश परत फिरणं कमी करणारा लेप नाही. निळसर-जांभळी असली तर आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या (लेन्समधून नव्हे, वेगळ्या झरोक्यातून अंतर जुळवून फोकस धरणाऱ्या) लेन्स ताडून पाहायच्या तर मी तरी इथूनच सुरुवात करतो.

लेप नसलेल्या काचेत शिरताना साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो, बाहेर पडताना पुन्हा तेवढाच. लुडविग बर्टेले यांनी १९३२ मध्ये झाइस या जर्मन कंपनीच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी ५० मिमी एफ/१.५ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं) सोनार लेन्स घडवली (आपल्या सोनाराशी नात्याचा प्रश्न नाही, जर्मनमध्ये ‘झोने’ म्हणजे सूर्य). त्यांनी सात भिंगं एकमेकांना चिकटवून तीनच गट केले. चिकटलेल्या काचांमध्ये हवा नाही, म्हणून हवेला भिडणारी पृष्ठं फक्त सहा. लायका कॅमेऱ्यासाठी १९३६ मध्ये आलेली झेनॉन लेन्स तितकीच वेगवान, म्हणजे तीही एफ/१.५. भिंगं तिच्यातही सात, पण गट पाच आणि पृष्ठं दहा. हिशेब केला तर सोनारमधून ७८ टक्के प्रकाश पार होतो, झेनॉनमधून ६६.

खरा त्रास मात्र वाया गेलेल्या प्रकाशाचा नाही. एका पृष्ठावरून मागे वळलेला किरण दुसऱ्यावर आपटून पुन्हा फिल्मकडे येतो. अशा जोड्या सहा पृष्ठांत १५, दहांत ४५! काळ्या सावल्या राखाडी होतात त्या यामुळे.

१९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी लेपाचा उपाय काढला. मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटरचा थर दिला की त्याच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. हिरव्या-पिवळ्या प्रकाशावर हे उत्तम जमतं. उरतो निळा आणि लाल, म्हणून ती जांभळी झाक. दुसऱ्या महायुद्धानंतर लेप सर्रास झाला आणि सोनारची आघाडी ओसरली.

सोव्हिएत ज्युपिटर-३ ही सोनारचीच नक्कल. लायकाच्या ३९ मिमी आट्यांत ती छान बसते, पण एक मेख आहे. रेंजफाइंडर लेन्समधून पाहतच नाही. लेन्स किती पुढे सरकली एवढंच त्याला कळतं, आणि लायकाचा हिशेब ५१.६ मिमी प्रत्यक्ष नाभीय अंतराचा आहे. ज्युपिटर ५२.४ची. अनंतावर अचूक जुळवली तरी एक मीटरवर फोकस ३ सेंमी मागे जातो, आणि एफ/१.५ ला स्पष्टतेची सगळी खोलीच जेमतेम तेवढी. डोळ्यावर फोकस धरावा आणि कानशिलाजवळचे केस लख्ख यावेत! कित्येक जण यालाच जुन्या लेन्सचा मऊपणा म्हणतात. एफ/४ लावलं की तो मऊपणा गायब होतो.