‘थायरॉइड वाढला’ म्हणजे नेमके काय वाढले?

‘माझा थायरॉइड वाढलाय’ असे कोणी म्हटले की मी आधी विचारते, काय वाढले आहे? बहुतेक वेळा वाढलेला असतो तो रक्ततपासणीतला टीएसएचचा आकडा, म्हणजे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी प्रत्यक्षात मंदावलेली असते. कधी गळ्यापुढची गाठ वाढलेली असते, आणि ती तर ग्रंथी मंद असो वा अतिसक्रिय, दोन्हींत दिसू शकते. ज्याची ग्रंथी खरोखरच गरजेपेक्षा जास्त काम करत आहे, तो माणूस मात्र रिपोर्टवर टीएसएचपुढे ०.०१ आणि शेजारी ‘कमी’ अशी खूण पाहून ‘माझा थायरॉइड कमी निघाला, आता वहिनींसारखी गोळी लागणार’ असे ठरवून मोकळा होतो. एकाच वाक्यात दोन उलट आजार कोंबण्याची ही सवय मला मनापासून खटकते.

मंद थायरॉइड, म्हणजे हायपो, घरोघरी ठाऊक आहे: उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, चहा उशिरा, थंडी सोसत नाही, वजन वाढते. अतिसक्रिय थायरॉइडमध्ये, म्हणजे हायपरमध्ये, याच्या उलट, भूक चांगली असूनही वजन उतरते, उकडते, छातीत धडधडते, शौचाला वारंवार जावे लागते. थकवा आणि केस गळणे दोन्हींकडे आढळते, म्हणून त्यांवरून काहीच ठरवू नये. नुसती चिंता की थायरॉइड, असा प्रश्न पडला तर हात समोर ताठ धरून पालथ्या बोटांवर एक कोरा कागद ठेवावा. बारीक कंप असेल तर कागदाची कड थरथरते. चिंतेतही हात कापतात, पण तेव्हा तळवे सहसा गार असतात आणि झोपेत नाडी शांत होते. हायपरमध्ये तळवे गरम व ओलसर असतात आणि नाडी झोपेतही जलद राहते. वयस्कर माणसांत यातले फारसे काही दिसतही नाही. नुसते वजन घटते किंवा हृदयाचे ठोके अनियमित होतात.

आता खरी मेख. टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते आणि थायरॉइडला काम करण्याचा हुकूम देते. थायरॉइडचा स्वतःचा माल म्हणजे टी-४ आणि टी-३. गच्चीवरच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकीत पाणी कमी झाले की आपण मोटर सुरू करतो, भरली की बंद करतो. टीएसएच ही मोटर आहे आणि टी-४ हे पाणी. टीएसएच १२ असेल तर मोटर जोरात चालूनही टाकी भरत नाही, म्हणजे हायपो. टीएसएच ०.०१ असेल आणि टी-४ वाढलेले असेल तर मोटर केव्हाच बंद केली आहे, तरीही टाकी वाहते आहे, म्हणजे हायपर. सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास असते, पण आपल्याच प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा धरावी.

म्हणूनच एकट्या टीएसएचवर निकाल देणे मला मान्य नाही. त्यासोबत फ्री टी-४ आणि फ्री टी-३, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला मोकळा माल, हे आकडे हवेतच, कारण काहींमध्ये टी-४ ठीक असून फक्त टी-३ वाढलेले असते. पॅकेजांमध्ये मिळणारे ‘टोटल’ आकडे गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे उगाचच चढलेले दिसतात. टीएसएच खाली जाण्याची साधी कारणेही असतात: गरोदरपणाचे पहिले तीन महिने, किंवा हायपोच्या रुग्णाला थायरॉक्सिनचा डोस जास्त होणे. केसांसाठी घेतलेले बायोटिन हे जीवनसत्त्व तर काही यंत्रांवर टीएसएच खोटेच कमी आणि टी-३, टी-४ खोटेच जास्त दाखवून हुबेहूब हायपरचा रिपोर्ट उभा करते; रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे. हायपरवर उपचार सुरू झाल्यावरही टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिने, दबलेलेच राहते. त्या काळात फ्री टी-४ आणि टी-३ पाहायचे असतात, ‘टीएसएच अजून हलले नाही’ म्हणून घाबरायचे नसते.

हायपर पक्के झाले तरी लगेच कार्बिमॅझोल ही हायपरवरची गोळी हे उत्तर नव्हे. ग्रेव्ह्ज आजारात प्रतिपिंडे ग्रंथीला सतत डिवचत असल्यामुळे ती खरोखर जास्त माल बनवते, तर थायरॉइडायटिसमध्ये सुजलेल्या ग्रंथीतून आधीच साठवलेला माल नुसता गळतो. कार्बिमॅझोल माल बनणे थांबवते, गळती नव्हे; त्यामुळे दुसऱ्या प्रकारात ते निरुपयोगी ठरते, आणि काही आठवड्यांनी साठा संपला की तोच माणूस काही काळ हायपोकडेही झुकू शकतो. या दोहोंतला फरक टीआरएबी ही त्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी किंवा ग्रंथीचा टेक्नेशियम स्कॅन सांगतो, आणि गोळी हातात पडण्याआधी यांपैकी काय केले, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.