कारपूलचा जोडीदार सापडत का नाही?

सकाळी नऊला पुण्यात वाकडच्या पुलावर अडकलात की आजूबाजूच्या गाड्यांत डोकावून बघा. पाच जणांच्या गाडीत बहुतेक वेळा एकटा चालक. ‘आपल्या लोकांना गाडी वाटून घेणं कमीपणाचं वाटतं,’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला ते पटत नाही. स्वभावापेक्षा घोळ संभाव्यतेचा आहे.

हिंजवडीत एक काल्पनिक कंपनी धरू. गाडीने येणारे कर्मचारी 80. घरं कोथरूड, औंध, निगडी अशा 20 भागांत, कामावर यायच्या वेळा 4. म्हणजे 20 × 4 = 80 खण; एका खणात एकाच भागातून एकाच वेळी येणारे. माणसं कशीही विखुरलेली. खणामागे सरासरी एक माणूस येतो, पण सरासरी फसवी असते. तुमच्या खणात उरलेल्या 79 पैकी एकही नसण्याची शक्यता किती? एक जण दुसऱ्या खणात असण्याची शक्यता 79/80. असे 79 जण, म्हणून ती 79 वेळा घेऊन गुणाकार करायचा. उत्तर सुमारे 0.37, म्हणजे 1/e च्या अगदी जवळ (e म्हणजे गणितातला सुमारे 2.718 हा स्थिरांक; कुठेही भेटतो!). शंभरातले 37 जण एकटेच. आता कर्मचारी 240 करा. एकटे उरतात शंभरात फक्त 5. माणसं तिप्पट, एकटेपणा सातपट कमी!

पण संध्याकाळ आहेच. परतीच्याही 4 वेळा धरल्या तर खण 320 होतात, आणि त्याच 240 जणांत एकट्यांचं प्रमाण 5 वरून थेट 47 टक्क्यांवर जातं. ‘एआय तुमचा जोडीदार शोधेल’ म्हणणाऱ्या ॲपने इथे काय करावं? खणात माणूसच नसेल तर एआय तो आणणार कुठून?

अमेरिकेत थ्रीएम कंपनीने 1973 मध्ये मिनेसोटात कर्मचाऱ्यांसाठी व्हॅन सुरू केल्या, चालकही कर्मचारीच. तिथे एकाच आवारात हजारो लोक कामाला होते, खण भरलेले होते. आपल्याकडे लहान कंपन्यांनी इमारतीतल्या सगळ्यांची मिळून एकच यादी केली तर तेच साधेल. आणि मीटिंग लांबून परतीची गाडी चुकली तर टॅक्सीचं भाडं कंपनीने द्यावं. अमेरिकेत अनेक ठिकाणी अशी हमी देतात. संध्याकाळची धास्ती गेली की 320 खणांचे पुन्हा 80 होतात. भाडं मात्र क्वचितच द्यावं लागतं.

गंमत अशी, की कोंडीवरचा लाडका उपाय म्हणजे ऑफिसच्या वेळा वेगवेगळ्या ठेवणं. रस्ता थोडा मोकळा होतो खरा, पण 4 वेळांच्या 8 झाल्या की खणही दुप्पट.