नखाएवढ्या चिपचा चटका

गेल्या मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे होतो. भाच्याने नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि घरातल्या लग्नाचं शूटिंग, सुमारे ३०० जीबी, तो एका एसएसडीवरून, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवरून, दुसरीवर उतरवून घेत होता. सुरुवातीला वेग सेकंदाला अडीच जीबीच्या वर. मिनिटभरात तो ३०० एमबीवर कोसळला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. "मामा, ही एसएसडी खराब निघाली. परत देऊन येऊ का?" मी म्हटलं, आधी तिचा ताप तरी बघू.

विंडोज ११ मध्ये हे सोपं आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, आणि तिथे डिस्कची माहिती उघडली की एनव्हीएमई ड्राइव्हचं (थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या वेगवान एसएसडीचं) तापमान दिसतं. आकडा होता ८३ अंश.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरायची, मोटर चालायची. ती तापणं समजण्यासारखं होतं. एसएसडीत काहीच हलत नाही, मग ती तापते कशी? तापते ती मुख्यतः तिच्यावरची एक चौकोनी चिप, कंट्रोलर. माहिती साठवणाऱ्या चिप वेगळ्या. कुठली फाइल कुठल्या कप्प्यात आहे याचा हिशेब ठेवणं, वाचताना आलेल्या चुका गणिताने दुरुस्त करणं आणि मदरबोर्डशी प्रचंड वेगाने बोलणं, हे सगळं कंट्रोलर एकटा करतो. जुनी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचायची आणि पसरट डबीत बसायची, त्यामुळे तिच्या तापण्याची कुणाला फिकीर नव्हती. आजची एम.२ ड्राइव्ह म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी उघडी पट्टी, आणि पाचव्या पिढीतल्या ड्राइव्ह सेकंदाला १० ते १४ जीबी वाचतात. भर कामात त्यातल्या काही १० वॅटच्या आसपास वीज घेतात. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब तासभर जळल्यावर त्याच्या मागच्या भागाला हात लावून बघा, चटका बसतो. तेवढ्या उष्णतेतला बराचसा वाटा इथे नखाएवढ्या चिपमधून बाहेर पडायचा असतो.

म्हणून उत्पादक ड्राइव्हमध्येच एक सोय करून ठेवतात. ठरावीक तापमान आलं की कंट्रोलर आपणहून वेग कमी करतो, जरा थंड झाला की पुन्हा वाढवतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. भाच्याच्या पडद्यावरचा वर-खाली होणारा वेग तोच होता. ड्राइव्ह बिघडली नव्हती, स्वतःला सांभाळत होती. पण मोठी फाइल उतरवताना वेग पडला म्हणजे उष्णताच कारण असेल असं नाही. बहुतेक घरगुती एसएसडी आलेला माल आधी एका जलद राखीव जागेत उतरवून घेतात आणि ती भरली की मूळ संथ गतीवर येतात. तापमान ६०च्या आत असताना वेग एकदाच खाली येऊन तिथेच टिकला, तर शंका या राखीव जागेची घ्यावी. तिथे हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत सोडणारी धातूची पट्टी, लावून काहीही फरक पडणार नाही.

आम्ही कॉम्प्युटर बंद करून वायर काढली आणि कॅबिनेट उघडलं. एसएसडीवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक व्यवस्थित बसवलेला होता. तो सोडवला आणि कारण हातातच आलं. हीटसिंकच्या खाली मऊ थर्मल पॅड होता, आणि पॅडवरचा निळसर, पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा जोडणाऱ्याने काढलाच नव्हता. चिपची उष्णता पॅडमधून धातूत आणि धातूतून हवेत जायची, पण वाटेत प्लॅस्टिक. पापुद्रा नखाने सोलला, हीटसिंक परत बसवला, तीच फाइल पुन्हा उतरवली. तापमान ६४वर थांबलं आणि वेग शेवटपर्यंत टिकला. नवीन मशिन घेतलेल्या प्रत्येकाला मी आता हे तपासायला सांगतो, कारण ही चूक बाहेरून अजिबात दिसत नाही.

हीटसिंकचा स्क्रू मात्र बेताने आवळावा. जास्त दाबला तर पट्टी वाकते. ड्राइव्हवरचं लेबल काढू नये, वॉरंटी जाऊ शकते, शिवाय काही लेबलांत उष्णता पसरवणारा तांब्याचा थर असतो. एसएसडी ग्राफिक्स कार्डाच्या खाली असेल आणि मदरबोर्डवर दुसरी जागा असेल, तर ती हलवून बघावी. लॅपटॉपमध्ये इतकी मुभा नसते, तिथे गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप न ठेवणं हाच मोठा उपाय. बाहेरून जोडायच्या ॲल्युमिनियमच्या डबीतली एसएसडी हाताला गरम लागली की लोक घाबरतात. डबी गरम होते याचा अर्थ उष्णता आतून बाहेर येते आहे.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एक हिशेब. हीटसिंक कितीही चांगला असला तरी तो चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ड्राइव्ह हवेपेक्षा ४० अंश वर जात असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ती ६५वर राहील आणि ४२ अंशांच्या खोलीत ८२वर. डिसेंबरात विनातक्रार चाललेलं मशिन मे महिन्यात अडखळतं ते यामुळे.

मला वेगापेक्षा जास्त काळजी वाटते ती साठवलेल्या आठवणींची. फुजिओ मासुओका आणि त्यांच्या तोशिबातल्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या नँड फ्लॅशमध्ये, म्हणजे एसएसडीतल्या माहिती साठवणाऱ्या चिपच्या प्रकारात, माहिती म्हणजे अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. ते हळूहळू गळतात, आणि उष्णतेत लवकर गळतात. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडी तिचं लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य संपल्यावरही, वीज नसताना, ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवू शकली पाहिजे. त्याच हिशेबाने दर ५ अंश वाढीला ही मुदत साधारण निम्मी होते. गंमत म्हणजे लिहिताना ड्राइव्ह जरा उबदार असेल तर हे इलेक्ट्रॉन धरून ठेवणाऱ्या पेशींमधल्या विद्युतरोधक थराला इजा कमी होते, त्यामुळे चालू ड्राइव्ह ५०-६० अंशांवर असणं मुळीच वाईट नाही. वाईट आहे ते बंद ड्राइव्ह उन्हाळाभर तापलेल्या जागी पडून राहणं.

बहिणीकडे जुन्या फोटोंची एसएसडी पत्र्याखालच्या माळ्यावर, बॅगेत होती. ती खाली आणली, फोटो उघडून बघितले, सगळे शाबूत निघाले. त्यांची एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर घेतली आणि एसएसडी आता आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे.